देवावर सोडायचं म्हणजे हातातलं काय सोडायचं?

ताई, तुमच्या पत्राला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण ते अर्धवट राहिलं असतं. बाकीच्यांनाही समजावं म्हणून तुमची हकिगत थोडक्यात मांडतो. यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. नोकरी, दोन मुलं, दवाखान्याच्या खेपा, पैशाची जुळवाजुळव हे सगळं तुम्ही आजवर स्वतःच्या हिमतीवर रेटलंत. आता चर्चच्या मंडळीत जो तो सांगतो, "देवावर सोडून दे." एका प्रार्थनासभेत तर कुणीतरी सुचवलं की खरा विश्वास असेल तर मशीन बंद करून बघा. तुम्ही विचारता : देवावर सोडायचं म्हणजे नेमकं करायचं काय? इतकी प्रार्थना करून गुण येत नाही, म्हणजे माझाच विश्वास कमी पडतो का? आणि मुलांना काय सांगू? शेवटी ओझरतं हेही लिहिलंत की स्वतःची किडनी द्यायचं मनात आहे, पण सासूबाई म्हणतात, देव बरं करणार आहे तर कापाकापी कशाला?

आधी तातडीचं. डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. पाळी चुकली की रक्तात पोटॅशियम साठतं, आणि ते फार वाढलं तर हृदय अचानक बंद पडू शकतं. अंगात राहिलेलं पाणी फुफ्फुसात उतरतं आणि माणूस धापा टाकायला लागतो. हे तुम्हाला तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच. मी डॉक्टर नाही, पाळक आहे. पण नागपूरच्या दवाखान्यांमधून आजाऱ्यांच्या भेटी घेण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि 'विश्वासाने' औषध सोडलेल्या माणसाच्या मातीलाही मी उभा राहिलोय. सल्ला देणारे तिथे दिसले नाहीत. त्या सभेत ज्यांनी तुम्हाला ते सुचवलं त्यांचं मन वाईट नसेल, पण त्यांचं ऐकू नका. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, तसं कुठेही शिकवलेलं नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितोय.

आपल्याकडे लहानपणापासून दोन म्हणी कानावर पडतात. एक 'प्रयत्नांती परमेश्वर', दुसरी 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी'. ख्रिस्ती घरांतही याच दोन म्हणी चालतात, फक्त पाठ केलेली वचनं वेगळी असतात. संकट आलं की माणसाला वाटतं, या दोन्हींतली एक निवडायची. एक तर मी मरमर मरायचं आणि उरलेलं देवाने बघायचं, नाही तर मी हातावर हात ठेवून बसायचं. तुमच्या घरातला वादही नेमका इथेच अडलाय. तुम्ही पहिल्या टोकाला, सभेतले लोक दुसऱ्या टोकाला. मला शास्त्रात दिसतो तो भरवसा या दोन्हींपेक्षा निराळा आहे, आणि तो सगळ्यात स्पष्ट दिसतो हिज्कीया राजाच्या गोष्टीत. ती जरा सावकाश सांगतो, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिच्या आसपास आहेत.

इसवी सनापूर्वी ७०१ साली अश्शूरचा राजा सन्हेरीब हिज्कीयाच्या यहूदा राज्यावर चालून आला. त्याने स्वतः मातीच्या लेखात कोरून ठेवलंय की हिज्कीयाची ४६ तटबंदीची नगरं घेतली आणि त्याला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. हिज्कीयाने आधी काय केलं? स्वतःच्या बळावर निस्तरायचा प्रयत्न केला. ३०० किक्कार (किक्कार हे त्या काळचं मोठं वजन) चांदी आणि ३० किक्कार सोनं खंडणी भरली, त्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनंसुद्धा खरवडून काढलं. तरी शत्रू हटला नाही. सन्हेरीबाचा अधिकारी तटाखाली उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, लोकांच्याच भाषेत ओरडला, 'तुझा हा भरवसा आहे तरी कशावर?' दरबारी लोकांनी विनवलं की बाबा, अरामी भाषेत बोल, तटावरची माणसं ऐकताहेत. त्याला तेच हवं होतं.

पण त्याच हिज्कीयाने शहराला वेढा पडला तर पाणी मिळावं म्हणून खडक फोडून भुयार खणून घेतलं होतं. ते भुयार आजही यरुशलेमेत आहे, सुमारे ५३३ मीटर लांब. खणणाऱ्यांच्या दोन टोळ्या दोन टोकांनी निघाल्या आणि मधे एकमेकांच्या हाका ऐकून भेटल्या. हे सांगणारा कोरीव लेख १८८० साली भिंतीवर सापडला. बायबल या कामाबद्दल हिज्कीयाला नावं ठेवत नाही, उलट त्याच्या पराक्रमांत त्याची नोंद करतं. पाण्याची सोय करणं हा अविश्वास नव्हता. मग संदेष्टा यशया तरी का चिडला? २२व्या अध्यायात तो यरुशलेमेच्या लोकांना म्हणतो, तुम्ही घरं मोजलीत, ती पाडून तट मजबूत केलात, दोन तटांमध्ये पाण्यासाठी हौद बांधलात, पण ज्याने हे सगळं घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत. ताई, तक्रार हौदाची नाही. तक्रार आहे ती न पाहण्याची. तुमच्या घरी डायलिसिस म्हणजे ते भुयार आहे. ते खणत राहा. ते बुजवा असं सांगणारा यशया नव्हे.

मग पाहायचं म्हणजे काय करायचं? सन्हेरीबाचं धमकीचं पत्र आलं. हिज्कीयाने ते वाचलं, मंदिरात गेला आणि परमेश्वरासमोर ते पत्र उलगडून पसरलं. यशयाच्या ३७व्या अध्यायात हे आहे. त्याची प्रार्थना वाचून बघा. त्यात तो एक फार धाडसी वाक्य बोलतो : परमेश्वरा, हे खरं आहे, अश्शूरच्या राजांनी सगळे देश उजाड केलेत. म्हणजे शत्रू जे म्हणतो त्यातलं खरं ते तो खरं म्हणून मान्य करतो. आकडे लपवत नाही, परिस्थिती गोड करून सांगत नाही. मी असे कितीतरी विश्वासू लोक पाहिलेत की प्रार्थनेत रिपोर्टचं नावही काढत नाहीत. वाईट बोललं तर अविश्वास होईल अशी भीती. पण जे देवासमोर उघडच केलं नाही ते त्याच्यावर सोपवणार कसं?

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच काम सांगतो, तेच तुम्हाला सांगतो. यजमानांची फाइल काढा. शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, दवाखान्याचं बिल, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, सगळे कागद टेबलावर पसरा. तुम्ही दोघं बसा. क्रिएटिनिन किती, हिमोग्लोबिन किती, देणं किती, हे मोठ्याने वाचा, देवाला ऐकवल्यासारखं. मग म्हणा, प्रभू, हे असं आहे, यातलं इतकं मला जमतं आणि इतकं जमत नाही. जमत नाही ते नाव घेऊन सांगा. शब्द चांगले असायची गरज नाही.

कामठीकडे ट्रकचा धंदा असलेले एक गृहस्थ होते. बँकेची नोटीस आली तशी त्यांनी ती न वाचता घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली होती, आणि शर्ट बदलला की नोटीसही त्या खिशातून या खिशात जायची. घडीवर कागद फाटायला आला होता. बायकोला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना मी हेच करायला लावलं. आकडा मोठ्याने वाचताना त्यांचा आवाज बसला. बायको गप्प ऐकत राहिली आणि पहिलं बोलली ते हे : "मग ट्रक विकू ना, त्यात काय?" तो विचार त्यांच्या मनात महिनोन्‌महिने येत होता, पण तोंडातून निघत नव्हता. ट्रक गेला, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आले, देणं अजून फिटतंय. कुणी आकाशातून पैसे पाठवले नाहीत. पण ते झोपायला लागले. रक्तदाबाची गोळी घेऊनही जो उतरत नव्हता तो दाबही उतरला. मी याला देवाचं उत्तर म्हणतो आणि त्यात मला कसलाही संकोच वाटत नाही.

आता स्वतःवरचा भरवसा. तुम्ही लिहिलंत, 'मी कुणापुढे हात पसरला नाही.' यात तुमचा स्वाभिमान आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात काय लिहिलंय ते बघा. रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतात त्याच्यावर असं संकट आलं की ओझं शक्तीपलीकडचं झालं, जगण्याची आशाही सुटली. संकट कोणतं ते तो सांगत नाही. बरंच झालं, त्यामुळे प्रत्येकाला आपलं संकट तिथे ठेवता येतं. पुढे तो म्हणतो, हे यासाठी झालं की आम्ही स्वतःवर नाही तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. इथपर्यंत सगळे उपदेशक वाचतात आणि थांबतात. अकरावं वचन वाचत नाहीत. त्यात पौल करिंथच्या लोकांना म्हणतो, तुम्हीही प्रार्थना करून आम्हाला साहाय्य करा. ज्याने आत्ताच देवावर भरवसा ठेवायचं लिहिलं, तोच लगेच माणसांची मदत मागतो. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात तर सरळच आहे : बाहेरून भांडणं, आतून भीती, जिवाला स्वस्थता नाही, अशा वेळी खचलेल्यांना धीर देणाऱ्या देवाने तीताला पाठवून आम्हाला धीर दिला. देवाचा धीर तीत नावाच्या माणसाच्या पायांनी चालत आला.

तुमच्यापुरतं याचा अर्थ असा की स्वतःवरचा भरवसा सोडणं म्हणजे मदत नाकारणं सोडणं. बुधवारच्या डायलिसिसला तुमचे दीर बसू शकतात. चार तास खुर्चीवर बसायला विशेष शिक्षण लागत नाही. मंडळीतल्या ज्या बाया 'काही लागलं तर सांग' म्हणतात, त्यांना खरंच सांगा : मंगळवारचा डबा तू कर, शनिवारी मुलांना तू सांभाळ. नेमकं काम सांगितलं तर लोक करतात. आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे जाऊन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पुन्हा करा. डायलिसिस त्यात बसतं. तुम्ही लिहिलंत की एकदा कागद अपुरे म्हणून परत पाठवलं आणि तुम्ही पुन्हा गेला नाहीत. पुन्हा जा, या वेळी दिरांना सोबत घ्या.

(मंडळीतल्यांसाठी एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. डायलिसिसच्या माणसाला भेटायला जाताना संत्री नेऊ नका. नागपूरकराचा हात आपोआप संत्र्याकडेच जातो, पण संत्र्यात पोटॅशियम भरपूर असतं. नारळपाणीही नको. आणि मे महिन्यात पारा ४५च्या वर गेलेला असताना ज्याला दिवसभरात मोजूनच पाणी प्यायचं आहे, त्याच्यासमोर बसून सरबत पिऊ नका. विश्वासाच्या गप्पा नंतर, आधी एवढी काळजी घ्या.)

सभेत तुम्हाला यहूदाच्याच आसा राजाचं उदाहरण दिलं असेल असा माझा अंदाज आहे, कारण ते नेहमी दिलं जातं. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात १६व्या अध्यायात आहे की आसाच्या पायांना भारी रोग झाला, तेव्हा त्याने परमेश्वराचा धावा केला नाही, वैद्यांकडे गेला. या एका वचनावर किती घरांतली औषधं फेकली गेली असतील! पण तो अध्याय सुरुवातीपासून वाचा. आसाने आधी लढाईत परमेश्वराला सोडून अरामाच्या राजाला मंदिरातलं सोनं-चांदी पाठवून मदत घेतली. संदेष्ट्याने जाब विचारला तर त्याला तुरुंगात टाकलं, लोकांवर जुलूम केला. वैद्यांकडे जाणं हे त्या माणसाच्या देवाकडे पाठ फिरवण्याचं शेवटचं टोक होतं. दोष वैद्यात नव्हता. हेच सिद्ध करायला पुन्हा हिज्कीयाकडे या. तो मरणाच्या दारात असताना देवाने त्याला १५ वर्षं आयुष्य वाढवून दिल्याचं सांगितलं. आणि मग यशयाने काय केलं? अंजिरांचा लेप आणून गळवावर बांधायला लावला. वचन देवाचं, लेप अंजिराचा, आणि दोन्ही एकाच गोष्टीत. सासूबाईंना यशयाचा हा ३८वा अध्याय शांतपणे वाचून दाखवा. वाद घालू नका, फक्त वाचा.

आता तुमचा सगळ्यात दुखरा प्रश्न, माझा विश्वास कमी पडतो का. नाही, ताई. पौलाने स्वतःच्या शरीरातला 'काटा', म्हणजे सतत छळणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. प्रभू येशूने मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळो म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? ८८वं स्तोत्र उघडा. पहिल्या ओळीपासून हाक आहे, आणि शेवट अंधारावर होतो, समाधानाचं एक वचनही नाही. तरी ते स्तोत्रसंहितेत ठेवलंय, उपासनेत म्हणण्यासाठी. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेला बाप तर रडत म्हणतो, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवा. येशूने त्याला आधी विश्वास पुरा करून ये म्हटलं नाही. मुलगा बरा केला.

आपल्या नागपुरातलंच उदाहरण देतो. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, पण ज्यांच्या नावाने ते आहे ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप कसे गेले हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १८४५ साली ते नागपुरात आले, शाळा काढली, इथल्या खडकांचा आणि आदिवासींच्या भाषांचा अभ्यास केला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन दगडांची वर्तुळं पाहून परतताना पुराने भरलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांनी त्या दिवशी प्रार्थना केली नसेल असं मला वाटत नाही. ओढ्याचं पाणी काही ओसरलं नाही. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. देवावर भरवसा ठेवणाऱ्याला पाणी वाट देतंच, असा हिशेब जे तुमच्यापुढे मांडतात त्यांच्या धाकातून तुम्हाला बाहेर काढायला सांगतोय. यजमानांचा रिपोर्ट ही तुमच्या विश्वासाची गुणपत्रिका नाही. आणि त्या रिपोर्टच्या नावाने विशेष दान, विशेष तेल, विशेष उपास यासाठी कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

किडनीचा विचार वेगळा करा. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे पत्नी जवळच्या नात्यात मोडते, त्यामुळे तुम्ही देऊ शकता. जुळते का, तुमची तब्येत झेपेल का, हे तपासण्या सांगतील. नाही जुळली तर मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी दवाखान्यामार्फत नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लावता येतं. ते काम तपासण्यांची वाट न बघता आजच विचारा. द्यायची की नाही हा निर्णय मात्र अपराधीपणातून घेऊ नका, आणि 'मीच सगळ्यांना तारणार' या हट्टातूनही नको. दुसरा हट्ट तुमच्यात आहे, म्हणून स्पष्ट लिहिलं. दोन मुलांना आई लागणार आहे, हा कागदही त्या टेबलावर बाकीच्या कागदांशेजारी ठेवा. मग द्यावीशी वाटली तर निर्भयपणे द्या. नाही वाटली तर तुमचं प्रेम कमी ठरत नाही.

मुलांना खरं सांगा. 'पप्पा नक्की बरे होतील, देवाने सांगितलंय' असं म्हणू नका, कारण देवाने तुम्हाला तसं सांगितलेलं नाही, आणि उलटं झालं तर मुलं पप्पांबरोबर देवालाही गमावतील. शत्रू चालून आला तेव्हा यहूदाचा राजा यहोशाफाट सगळ्या लोकांसमोर, बायका-पोरं उभी असताना म्हणाला होता, काय करावं हे आम्हाला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. राजाने मुलाबाळांसमोर 'कळत नाही' म्हटलं. तुम्हीही म्हणू शकता. थोरल्याला पप्पांच्या दिवसभराच्या पाण्याची नोंद ठेवायचं काम द्या. धाकटीला हाताच्या फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्यांची, भीती वाटते म्हणालात, तर तिचं बोट तिथे अलगद टेकवू द्या. त्वचेखाली जी थरथर लागते ती रक्त नीट वाहतंय याची खूण आहे, हे तिला सांगा. रोज रात्रीच्या प्रार्थनेत आधी ती हात लावून बघेल, मग डोळे मिटेल.

रविवारी उपासनेनंतर मी वेळ ठेवतो. फाइल, योजनेचे परत आलेले कागद आणि शिधापत्रिका घेऊन या, दिरांनाही आणा. सासूबाई यायला तयार असतील तर फारच चांगलं. त्यांना म्हणावं, पाळकाला तुमच्याशी बोलायचंय, समजूत घालायची नाही, ऐकायचंय.